वाचक विचारतात: 63 वर्षं का लागली?

प्रश्न: ताई, मध्यंतरी बर्लिनला जाऊन आलो. ज्यूंचं ते मोठं स्मारक आहे ना, त्याच्यासमोर रस्ता ओलांडला की टिअरगार्टन बागेच्या कडेला काँक्रीटचा एक ठोकळा एकटाच उभा आहे, थोडासा कललेला, त्याला एक छोटी खिडकी आणि आत डोकावलं तर व्हिडिओत दोघं जण एकमेकांना किस करताना दिसतात. पाटी वाचली तेव्हा कळलं की नाझींनी छळलेल्या समलैंगिकांचं स्मारक आहे. पण उद्घाटन 2008 सालचं! युद्ध तर 1945 ला संपलं. मधली 63 वर्षं हे लोक काय करत होते?

उत्तर: करत काय होते, तर अजून शिक्षा देत होते! युद्ध संपलं पण कायदा संपला नाही, सगळी गोम तिथेच आहे. कलम 175 हे मुळात 1871 चं, पुरुषापुरुषांतले संबंध गुन्हा ठरवणारं. नाझींनी 1935 मध्ये ते इतकं कडक केलं की स्पर्श झालेला नसला तरी माणूस आत जायचा. साधारण 50 हजार जणांना शिक्षा झाल्या, त्यातले 5 ते 15 हजार छळछावण्यांत गेले, कपड्यांवर समलैंगिक कैद्याची खूण म्हणून गुलाबी त्रिकोण शिवून. आता पुढचं ऐका, पश्चिम जर्मनीने हेच 1935 चं कलम जसंच्या तसं 1969 पर्यंत चालू ठेवलं आणि तेवढ्या काळात आणखी जवळपास 50 हजार जणांना दोषी ठरवलं. छावणीतून सुटलेल्या काहींना उरलेली शिक्षा भोगायला परत तुरुंगात जावं लागलं. 1956 च्या भरपाईच्या कायद्यात हे लोक बसतच नव्हते, कारण सरकारच्या लेखी ते छळ झालेले नव्हतेच, साधे गुन्हेगार होते. कलम पूर्ण गेलं 1994 ला.

मग मला सांगा, "मी तिथे होतो" असं म्हणायला कोण पुढे येणार? म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देण्यासारखं झालं ते. रुडॉल्फ ब्राझ्दा नावाचे गृहस्थ बुखेनवाल्ड छावणीत जवळपास तीन वर्षं होते, नंतर फ्रान्समध्ये आयुष्य काढलं. या ठोकळ्याच्या उद्घाटनाची बातमी कानावर आली तेव्हा कुठे त्यांनी कळवलं की मी अजून जिवंत आहे. वय नव्वदीच्या पुढे! 2011 मध्ये ते गेले. मला विचाराल तर या स्मारकाने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच.

प्रश्न: पण कोणी बोललंच नाही तर नावं कुठून मिळतात?

उत्तर: पोलिसांकडून. हो, ज्यांनी पकडलं त्यांच्याच कागदांतून. अटकेचे जबाब, कोर्टाचे निकाल, तुरुंगाची रजिस्टरं, छावणीच्या याद्या, असं एकेक जुळवत बसायचं. यात विद्यापीठातले प्राध्यापक कमी आणि हौसेने आर्काइव्हमध्ये जाऊन बसणारे जास्त, सुरुवातीला तर बहुतेक समलैंगिकांच्या हक्कांच्या चळवळीतलेच लोक होते. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, पण ज्या फाइलने माणूस संपवला त्याच फाइलमुळे तो आपल्याला सापडतो. म्हणूनच ती जपून वाचावी लागते. जबाबात "मी कबूल करतो" असं लिहिलेलं असतं, ते त्या माणसाचे शब्द की मारहाण करून टाइप करून घेतलेले, हे कागद सांगत नाही.

नाव आणि पत्ता पक्का झाला की त्याच्या शेवटच्या घरासमोर फुटपाथमध्ये पितळी पाटी बसवतात, 10 बाय 10 सेंटीमीटरची. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेलं काम हे, सगळ्याच नाझीपीडितांसाठी. वर "इथे राहत होता", खाली नाव, जन्मसाल, अटक कधी, मृत्यू कुठे, संपलं. वाचायला वाकावं लागतं. इतक्याशा जागेत कलम 175 लिहायचं की नाही यावर मात्र घोळ होतो. लिहिलं तर आरोप कायमचा नावाला चिकटतो, नाही लिहिलं तर का नेलं हेच कळत नाही. माझं मत लिहावं असं. लपवाछपवी आधीच खूप झालीये.

प्रश्न: यात बायका कुठेच नाहीत का?

उत्तर: आहेत, पण शोधायला आणखी अवघड. जर्मनीत कलम 175 फक्त पुरुषांना लागू होतं (ऑस्ट्रियात मात्र कायदा बायकांनाही होता), त्यामुळे लेस्बियन बायकांना नेलं तरी बऱ्याचदा कागदावर कारण भलतंच. "मग त्यांचा छळ झालाच नाही" असं म्हणणारे इतिहासकारही निघाले आणि वाद वर्षानुवर्षं चालला. राव्हेन्सब्रुक या बायकांच्या छावणीत त्यांच्या आठवणीसाठी मातीचा भाजलेला एक गोळा ठेवायचा होता, एवढंसंच काम. ते अधिकृतपणे झालं 2022 मध्ये. तुम्ही 63 वर्षं म्हणालात ना, इथे 77 लागली.