नोकरी गेली, मग देवाचे आभार कशाबद्दल मानू?

प्रश्न : नोकरी गेलीय, घरात टेन्शन आहे आणि चर्चमध्ये सगळे म्हणतात देवाची उपकारस्तुती कर. मनात राग असताना आभार मानले तर ते नाटक नाही का?

उत्तर : राग लपवलात तर नाटकच, म्हणून आधी तो देवालाच सांगा. बायबलमधलं स्तोत्र 13 वाचा, फक्त 6 वचनं आहेत, सुरुवात 'किती वेळ' अशा तक्रारीने होते आणि शेवटी तोच माणूस गायला लागतो, मधे परिस्थिती बदलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. बायबलमधल्याच 1 थेस्सलनी या पत्रात (5:18) प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो, नोकरी गेल्याबद्दल थँक्यू म्हणा असं नाही (काहीजण तसं सांगतात, मला पटत नाही). आणि हा पौल स्वतः फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री आपला सोबती सीला याच्याबरोबर देवाची गीतं गात होता. आज जेवढं मनापासून म्हणता येईल तेवढंच म्हणा, एक वाक्य असलं तरी चालेल.