व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन टाकताना ग्रब ‘प्रायमरी ड्राइव्ह’वर टाकलं तर माझं विंडोज बूट होईल ना?

होईल. व्हर्च्युअलबॉक्स विंडोजच्या आत एक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवतं, आणि ग्रब, म्हणजे डेबियन लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, त्या व्हीएमच्याच डिस्कवर बसतं. बिनधास्त ‘येस’ म्हणा आणि पुढच्या पडद्यावर /डेव्ह/एसडीए, म्हणजे पहिली डिस्क, निवडा. (केव्हीएम, म्हणजे लिनक्सवरची व्हीएम चालवणारी सोय, वापरून व्हर्टिओ प्रकारची डिस्क दिली असेल तर तिथे /डेव्ह/व्हीडीए दिसेल.) इन्स्टॉलरला तुमची खरी डिस्क दिसतच नाही. त्याच्या लेखी एसडीए म्हणजे तुमच्या विंडोजच्या कुठल्याशा फोल्डरमधली .व्हीडीआय फाइल. तिच्यात त्याला हवा तो धुडगूस घालू दे.

‘एमबीआरला हात लावू नका, ग्रब एसडीए१ वर टाका’, म्हणजे डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. खऱ्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम नांदवताना त्यात थोडंफार तथ्य होतं. व्हीएममध्ये तो निव्वळ आगाऊपणा आहे, आणि वर व्हीएम बूट होत नाही ते वेगळंच.

कारण बघा. एमबीआर म्हणजे ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर: ४४६ बाइट कोड, ६४ बाइट पार्टिशन टेबल, शेवटी ५५ एए ही दोन बाइटांची सही. ग्रबचा छोटा तुकडा त्या ४४६ मध्ये बसतो आणि मोठा, कोअर.आयएमजी, त्यामागच्या मोकळ्या जागेत. पहिलं पार्टिशन हल्ली सेक्टर २०४८ पासून सुरू होतं, त्यामुळे जवळजवळ १ एमआयबी रिकामा असतो. पार्टिशनवर ही जागा मिळत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम सुरुवातीचे फक्त १०२४ बाइट सोडते, त्यात कोअर.आयएमजी मावत नाही. मग ग्रबला ब्लॉकलिस्ट, म्हणजे फाइल डिस्कवर कुठे आहे ते ब्लॉक नंबर, पाठ करून ठेवावे लागतात. फाइल हलली की खेळ खलास. म्हणूनच ग्रब-इन्स्टॉल ‘विल नॉट प्रोसीड विथ ब्लॉकलिस्ट्स’ म्हणून अडून बसतं, आणि हे सल्लागार --फोर्स लावायला सांगतात!

बरं, जबरदस्तीने टाकलंत तरी एमबीआरमधला कोड कोण लिहिणार? टेबल एफडिस्क या पार्टिशन करणाऱ्या प्रोग्रॅमने केलं असेल तर ४४६ बाइट शून्यच राहतात, पण ५५ एए असते. केव्हीएममध्ये बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, ती सही बघून समाधानाने उडी मारतं आणि शून्यांत हरवतं. ‘बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क...’ आणि लुकलुकता कर्सर. एररसुद्धा नाही.

दुरुस्ती सोपी आहे. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरच्या डिस्क फाइलवरून, रेस्क्यू मोडमध्ये जा, रूट पार्टिशनवर शेल उघडा, ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए आणि मग अपडेट-ग्रब. डिस्कवर जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, असेल आणि मशीन बायॉसवर, तर आधी १ एमआयबीचं बायॉस बूट पार्टिशन लागेल. आणि इन्स्टॉल झाल्यावर पुन्हा इन्स्टॉलरच उघडला तर बूटलोडरला दोष देऊ नका, आयएसओ काढा.

हे सगळं व्हीएमच्या सेटिंगमध्ये ईएफआय, म्हणजे बायॉसची जागा घेणारी नवी पद्धत, हिची खूण नसेल तर. ती खूण इन्स्टॉलच्या आधी ठरवा, नंतर बदललीत की बूट बंद. ईएफआयमध्ये लोडर ईएसपी या खास पार्टिशनवर फाइल म्हणून राहतो आणि त्याची नोंद व्हीएमच्या .एनव्हीरॅम फाइलमध्ये. नुसती .व्हीडीआय दुसऱ्या व्हीएमला जोडली की नोंद मागे राहते आणि ईएफआय शेलमध्ये येऊन पडता. तिथे एफएस०: टाइप करा, मग \ईएफआय\डेबियन\ग्रबएक्स६४.ईएफआय. आत गेल्यावर एकदा ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल चालवा.

आणि हो, वरचं ‘बिनधास्त’ रॉ डिस्कला लागू नाही. व्हीएमला खरी डिस्क जोडली असेल तर एसडीए म्हणजे खरोखर तुमचीच डिस्क. फक्त ठरावीक पार्टिशनं दिली असतील तर व्हर्च्युअलबॉक्स पार्टिशन टेबलाची वेगळी प्रत ठेवतं. अख्खी डिस्क दिली असेल तर काहीच आडवं येत नाही. स्टोरेज सेटिंगमध्ये .व्हीएमडीके दिसली आणि ती जेमतेम काही केबीची असेल, तर नोटपॅडमध्ये उघडा. आत ‘फिजिकलड्राइव्ह०’ दिसलं तर इन्स्टॉल तिथेच थांबवा.