आर्किटेक्चर शिकून जुने नकाशे सांभाळायचे का?

पत्र: मी पुण्यात बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. घर कराडजवळच्या गावात. ट्रेनिंगसाठी एका ज्येष्ठ आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. सर आता निवृत्त होताहेत, दिवाळीनंतर ऑफिस रिकामं करायचं आहे. म्हणून मला माळ्यावरचे नकाशांचे रोल उतरवून त्यांची यादी करायला बसवलं. बरोबरच्या मुलांना ती शिक्षा वाटली. मला मात्र पहिल्यांदाच ‘हे आपल्याला जमतं’ असं वाटलं. डिझाइनच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे आपलं डिझाइन मांडताना, मी कायम मागे असते. जुने नकाशे सांभाळणं हे करिअर होऊ शकतं का? आर्किटेक्चर सोडून इतिहासाकडे वळू का? बाबा सेंट्रिंगचे ठेकेदार आहेत, माझ्यासाठी कर्ज काढलंय. ते म्हणतात, ‘कागद लावायला पाच वर्षं शिकवलं का?’

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. आर्किटेक्चर सोडू नकोस. कर्ज काढलंय म्हणून सांगत नाही. तुला जे काम आवडलंय त्याच कामासाठी ही पदवी लागणार आहे.

त्या माळ्यावर तू काय करत होतीस ते आठव. एखादा रोल उघडल्यावर हा पायाचा प्लॅन, हा जिन्याचा सेक्शन, हा पहिला आराखडा आणि हा दुरुस्तीनंतरचा, हे तू कोणाला न विचारता ठरवत होतीस. कोपऱ्यातलं शीर्षक फाटलेलं असेल तर खांबांच्या अंतरावरून हा नकाशा कुठल्या इमारतीचा, हेही तुला कळलं असेल. अभिलेखागारात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेत, इतिहासाचे जाणकार असतात, कागदाची दुरुस्ती करणारे असतात. पण नकाशा हातात घेतल्याबरोबर तो वाचणारं माणूस कमी असतं. मग नुसतं ‘इमारतीचा नकाशा, एक’ अशी नोंद होते आणि त्या नोंदीवरून पुढे कोणाला काहीही सापडत नाही.

मेजर्ड ड्रॉइंग तू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी केलंच असशील. टेप धरून एखाद्या जुन्या वाड्याची मापं घ्यायची आणि ती कागदावर उतरवायची. बरीच मुलं ते मार्कांपुरतं करतात. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथल्या पॉलिटेक्निकमधल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनीही दुसऱ्या महायुद्धाआधी आपल्या शहरातल्या जुन्या इमारतींची अशीच मापं घेऊन ठेवली होती. १९४४ साली शहराने जर्मनांविरुद्ध उठाव केला, त्यानंतर जर्मनांनी शहर पाडलं, ऐतिहासिक भागातलं ८५ टक्क्यांहून जास्त बांधकाम गेलं. ते नकाशे मात्र पिओत्र्कुफ गावातल्या मठात, थडग्यांच्या तळघरात लपवल्यामुळे वाचले. युद्धानंतर जुनं शहर पुन्हा उभारताना ते कामाला आले. १९८० साली त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शहर उभारणाऱ्या कचेरीचं दप्तरसुद्धा युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. इमारतींना तसा मान मिळतो हे आपण ऐकतो, तिथे कागदांनाही मिळाला.

आता आपल्याकडे बघ. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला आणि त्याला १६,११० रुपये खर्च आला, हा आकडा आपल्याला ठाऊक आहे. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली. खर्चाचा हिशेब कागदावर राहिला, पण वरचे मजले नेमके कसे दिसत होते हे सांगणारा मापाबरहुकूम नकाशा आपल्या हाती नाही. मी त्या जोत्यांवर उभा राहतो तेव्हा मला ही गोष्ट दर वेळी लागते.

कामाविषयी थोडं. यात रोमांच आहे तसा कंटाळाही आहे, आणि रसायनशास्त्र तर भरपूर आहे. जुने नकाशे एकाच जातीच्या कागदावर नसतात. खळ दिलेल्या कापडावरचं ट्रेसिंग पाण्याचा थेंब पडला तरी खराब होतं. ट्रेसिंग पेपर पिवळा पडून पापडासारखा मोडतो. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशाच्या प्रती, उजेडात विटतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात. आम्लामुळे खराब होणाऱ्या कागदासाठी अल्कलीयुक्त, म्हणजे आम्ल मारणाऱ्या, कागदाची वेष्टनं वापरतात, हे योग्यच आहे. पण त्याच वेष्टनात ब्लूप्रिंट, म्हणजे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची जुनी प्रत, ठेवली तर तिचा निळा रंग उडतो, कारण त्या निळ्या रंगाला अल्कली सोसत नाही. म्हणजे समोर आलेली वस्तू कशाची आहे हे ओळखता आलं नाही, तर चांगल्या हेतूनेच तिचं वाटोळं होतं. शिवाय यादी, वर्गवारी, स्कॅनिंग, एकेका नकाशाला क्रमांक देणं, हे वर्षानुवर्षं चालतं. दोन महिन्यांत जे आवडलं ते दोन वर्षांनीही आवडेल का, हे तुलाच तपासून पाहावं लागेल.

त्यासाठी शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला असाच विषय घे. पुण्यातल्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, रुमालात बांधलेलं. वाड्यांचे, घाटांचे खर्च त्यात मोडीत लिहिलेले आहेत. मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, सुट्टीत शिकून घे. इंग्रजी अमदानीतल्या इमारतींकडे ओढा असेल तर मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा. १८२१ साली सुरू झालेल्या त्या संग्रहात सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी दप्तरं आहेत. परवानगीसाठी कॉलेजचं पत्र ने. चार दिवस बसून एका इमारतीचा माग काढ आणि तो काढताना वेळ कसा गेला हे स्वतःला विचार.

पदवीनंतरची एक वाट म्हणजे वास्तुवारसा संवर्धनात मास्टर्स. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचं सेप्ट ही नावं आधी बघ. सेप्टकडे स्वतःचं अर्काइव्हही आहे. दुसरी वाट थेट अभिलेखशास्त्राची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ अर्कायव्हल स्टडीजने ते शिक्षण बरीच वर्षं दिलं आहे. सध्याची प्रवेशाची सूचना कुठून निघते ते मात्र स्वतः तपास, या क्षेत्रातल्या संस्थांची अलीकडे फेररचना झाली आहे. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी पहिली वाट. मास्टर्स केल्यावर संवर्धन आर्किटेक्टच्या ऑफिसातही काम मिळू शकतं, सगळी भिस्त अभिलेखागारातल्या जागांवर राहत नाही.

त्या जागा खरोखर मोजक्या आहेत, हे लपवत नाही. सरकारी पदांच्या जाहिराती क्वचित निघतात, वाट पाहावी लागते. उद्योगसमूहांची अर्काइव्ह्ज आहेत, पुण्यात टाटांचं, विक्रोळीला गोदरेजचं. तिथेही माणसं थोडीच लागतात. पहिल्या काही वर्षांत तुझ्या वर्गमैत्रिणी बिल्डरकडे जे कमावतील ते तू कमावणार नाहीस. कर्जाचा हप्ता लक्षात घेता, पदवीनंतर दोन वर्षं दुरुस्ती-संवर्धनाची कामं करणाऱ्या ऑफिसात नोकरी कर आणि मग मास्टर्सला जा.

ज्युरीत मागे पडतेस, हे खरं असेल. पण मागे पडण्याचं दुःख आणि नकाशांची ओढ यांची गल्लत करू नकोस. नकाशे आवडतात म्हणून इकडे ये, डिझाइनपासून पळ काढायचा म्हणून नको.

हा पुढचा मजकूर बाबांना वाचायला दे.

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. घाम गाळून शिकवलंय, काळजी वाटणारच. पण तुम्ही सेंट्रिंगच्या कामातले आहात, म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, झालं, तेव्हा मूळ नकाशे कुठेच मिळाले नाहीत. कुठल्या बीममध्ये किती सळ्या आहेत हे कळायला जागोजागी प्लास्टर फोडावं लागलं. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करावं, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाकाठच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशात आहेत, त्यातल्या बऱ्याच १९३०-४० च्या काळातल्या आरसीसीच्या. त्यांची दुरुस्ती करताना मूळ नकाशा हाताशी असला तर किती तोडफोड वाचेल, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते कागद ओळखून जागेवर ठेवणारं माणूस शिकलेलंच लागतं.

आणि आता तुझ्यासाठी घाईचं काम. त्या माळ्यावरच्या रोलचं दिवाळीनंतर काय होणार, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. नामवंत आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी स्वतःचे सहा हजारांहून जास्त नकाशे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिले, ते नीट राहिले. तुझ्या सरांचे रद्दीच्या टेम्पोत जाऊ शकतात. आजच सरांना फोन कर. यादी पूर्ण करायची परवानगी माग आणि नकाशे कॉलेजच्या ग्रंथालयाला देता येतील का, असं विचार. होकार आला तर रबरबँड काढून टाक, पांढऱ्या सुती पट्टीने सैल बांध. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नकोस. कडक झालेला रोल जोर लावून उघडू नकोस. क्रमांक पेन्सिलीनेच, मागच्या बाजूला. अमोनिया प्रिंट वेगळे काढ. आणि प्रत्येक इमारत कोणासाठी बांधली, मधे काय बदललं, हे सर सांगतील तसं लिहून घे. ते नकाशावर कुठेच नसतं.