अमेरिकेतल्या कॉलेज कॉन्फरन्स वाढवताना भूगोल बघतात की नाही?

तुम्ही विचारलंय की स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं 2024 पासून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये कशी काय खेळतात, भूगोल कुणी बघतच नाही का?

बघतात. फक्त काय मोजायचं ते बदलत गेलं. आधी बसचा प्रवास, मग केबलची घरं, आता सामन्याची वेळ.

कॉन्फरन्स म्हणजे खेळांसाठी विद्यापीठांनी आपणहून केलेला गट, जो टीव्हीचे हक्क एकत्र विकतो. जुन्या काळी गटात शेजारचीच विद्यापीठं असायची. पश्चिम किनाऱ्याकडच्या पॅक-12 या कॉन्फरन्समध्ये तर जोड्या लावलेल्या होत्या. ओरेगनचं गाव यूजीन आणि ओरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिस तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे पाहुणा संघ एकाच विमानफेरीत ओरेगन आणि ओरेगन स्टेट दोघांशी खेळून परतायचा.

2007 मध्ये बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सनं स्वतःचं चॅनल काढलं. राज्यात कॉन्फरन्सचा संघ असेल तर तिथल्या प्रत्येक केबल ग्राहकामागे मिळणारा दर बाहेरच्या राज्यांपेक्षा कितीतरी जास्त. रटगर्स आणि मेरीलँडला 2014 मध्ये घेतलं ते त्यांच्या खेळासाठी कमी, न्यूयॉर्क आणि राजधानी वॉशिंग्टन या शेजारच्या शहरांतल्या केबलवाल्या घरांसाठी जास्त.

पुढे लोक केबल सोडू लागले आणि मोठ्या नावाच्या संघांचा भाव वाढला. लॉस एंजेलिसला संध्याकाळी साडेसात म्हणजे न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा. पश्चिमेचे संघ असले की शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत विकायला सामने मिळतात. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं 2024 मध्ये बिग टेनमध्ये आली त्यामागे हे गणितही होतं.

फुटबॉलला (म्हणजे अमेरिकन फुटबॉलला) हे झेपतं: नियमित हंगामात 12 सामने, आठवड्याला एक, चार्टर विमान. खरी ओढाताण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलवाल्या मुलींची. समजा, लॉस एंजेलिसचा संघ बुधवारी निघाला, शुक्रवारी रटगर्सशी खेळला, मग बसनं सुमारे 300 किलोमीटर जाऊन रविवारी मेरीलँडशी. वर्ग तीन दिवस बुडाले. आणि पूर्वेकडे दुपारी बाराचा सामना म्हणजे या मुलींच्या शरीराला सकाळचे नऊ, उठायचं पहाटे पाचला.

सगळ्यात फसतो तो एकटा, लांबचा सदस्य. वेस्ट व्हर्जिनिया 2012 मध्ये बिग 12 या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं, तेव्हा सर्वात जवळचा सोबती हजार किलोमीटरच्या वर. त्यापेक्षा जवळचं सिनसिनाटी यायला 2023 उजाडलं. म्हणूनच बिग टेननं ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठंही घेऊन पश्चिमेला चौघांचा गट केला. स्टॅनफर्ड आणि बर्कली जोडीनं गेले हेही त्यातलंच. डॅलसच्या एसएमयूनं तर अटलांटिकमध्ये शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलंय. माझ्या मते यातला शहाणा विस्तार दक्षिणेकडच्या एसईसी या कॉन्फरन्सचा: टेक्सस आणि ओक्लाहोमा घेतले तरी नकाशा सलगच राहिला.

पॅक-12 मध्ये शेवटी उरले दोघंच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हॅलिस आणि पुलमन ही छोटी गावं, टीव्हीच्या दृष्टीनं बाजारपेठच नाही. 2026 साठी त्यांनी बॉयझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे पश्चिमेचीच विद्यापीठं गोळा केली. पण वरच्या स्तरावर राहायला फुटबॉलचे आठ सदस्य लागतात, आणि त्यांनी घेतलेलं गोन्झागा फुटबॉल खेळतच नाही. त्यामुळे आठवं आणावं लागलं ते थेट टेक्ससमधून, टेक्सस स्टेट.