२००२ मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कशी काय?

प्रश्न : सध्या 'द वेस्ट विंग' ही अमेरिकन सिरीज बघतेय. चौथ्या सीझनला राष्ट्राध्यक्ष बार्टलेट २००२ मध्ये परत निवडून येतो, पण खरी निवडणूक तर २००० आणि २००४ ला झाली ना? आणि सीझनच्या शेवटी विरोधी पक्षाचा स्पीकर थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसतो, ते तर मला अगदीच फेकाफेकी वाटलं.

उत्तर : वर्षांचं बरोबर पकडलंत. मालिकेत १९९८, २००२, २००६ असं चालतं. खऱ्या अमेरिकेत त्या वर्षी फक्त मध्यावधी निवडणुका (राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुका) असतात, आणि गंमत म्हणजे मतमोजणीचा तो एपिसोड ६ नोव्हेंबर २००२ ला, म्हणजे खऱ्या मध्यावधी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी दाखवला होता. पण मी याला चूक नाही म्हणणार, कॅलेंडर सुरुवातीपासूनच दोन वर्षं सरकवलेलं आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७४ ला राजीनामा दिल्यावर मालिकेच्या जगात लगेच निवडणूक झाली असेल असा तर्क चाहते लढवतात, खऱ्यात मात्र उपाध्यक्ष फोर्ड यांनी उरलेली मुदत पूर्ण केली.

स्पीकरचं मात्र अजिबात फेकाफेकी नाही हो! मुलीचं अपहरण झालंय, बाप म्हणून आपण नीट निर्णय घेऊ शकणार नाही हे बार्टलेटला कळतं, म्हणून तो २५ व्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाखाली लेखी कळवून अधिकार सोडतो. ते उपाध्यक्षाकडे जायचे, पण होइन्सने नुकताच राजीनामा दिलेला, मग राष्ट्राध्यक्षाच्या जागी कोण येणार हे ठरवणाऱ्या १९४७ च्या कायद्याप्रमाणे पुढचा नंबर स्पीकरचा, पक्ष कुठलाही असो. आणि तो कायदा म्हणतो की स्पीकरने आधी स्पीकरपद आणि सभागृहातली जागा दोन्ही सोडायची. म्हणून स्पीकर वॉकेन राजीनामा देतो आणि मग शपथ घेतो. थोड्याच दिवसांत बार्टलेट परत येतो, तेव्हा वॉकेनच्या हातात ना हे पद उरतं ना ते. चार दिवसांच्या कामासाठी माणसाने स्वतःची जागा कायमची सोडली, आणि हे लेखकाने कायदा नीट वाचला म्हणून सुचलंय, मला तो सीन फार आवडतो.

खरी चूक पुढे आहे. २००२ ला निवडून आला म्हणजे पुढची निवडणूक २००६ ला, मध्ये २००४ ची मध्यावधी यायला हवी. पण ती येतच नाही, सहाव्या सीझनमध्ये जवळपास एक अख्खं वर्ष गिळून उमेदवार थेट प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) प्रचाराला लागलेले दिसतात. अॅरॉन सॉर्किन (मालिकेचे लेखक) चौथ्या सीझननंतर सोडून गेले होते, पण निदान एका वाक्यात तरी सांगायचं की मध्ये वर्ष गेलं!

आणि पहिल्या सीझननंतर मॅंडी हे पात्र कुठे गेलं म्हणून शोधत बसू नका, तिचं नाव परत कोणी काढतच नाही.