प्रश्न वाचकांचे : वेस्टनचे ओस पडलेले मनोरुग्णालय

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना आम्ही उभयतांनी पश्चिम व्हर्जिनियातील वेस्टन या गावी बंद पडलेले एक मनोरुग्णालय तिकीट काढून पाहिले. बाहेरून संस्थानिकाचा राजवाडा वाटावा अशी दगडी वास्तू, आणि आत भिंतींच्या रंगाचे पोपडे लोंबत असलेल्या शेकडो खोल्या! मनोरुग्णांसाठी एवढी भव्य इमारत का बांधली असावी, आणि ती अशी ओस का पडली? नातवाला आता तारांची कुंपणे ओलांडून अशी आणखी ठिकाणे पाहायची आहेत. त्याला जाऊ द्यावे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या काळात ही वास्तू उभी राहिली, त्या काळात मनोविकारांवर खात्रीचे औषध नव्हते आणि इमारत हाच उपचार मानला जात असे. फिलाडेल्फियाचे डॉ. थॉमस किर्कब्राइड यांनी १८५४ साली मनोरुग्णालय कसे बांधावे याचे बारीकसारीक नियम ग्रंथरूपाने मांडले होते. रुग्णाला कोंदट कोठडीतून काढून उजेड, वारा, झाडी आणि नेमाचे काम यांत ठेवले तर तो बरा होतो, अशी त्यांची धारणा होती. वेस्टनचा नकाशा याच नियमांवर बेतलेला आहे. मधोमध कार्यालय आणि अधीक्षकांचे निवासस्थान, एका बाजूस पुरुषांचे व दुसऱ्या बाजूस स्त्रियांचे कक्ष, आणि प्रत्येक पुढचा भाग आधीच्या भागापेक्षा थोडा मागे सरकवलेला. इमारत जवळजवळ पाव मैल लांब होण्याचे कारण ही मागे सरकत जाणारी रचनाच आहे. तिच्यामुळे प्रत्येक कक्षाच्या टोकाशी खिडकी येते आणि वारा आरपार खेळतो. शांत रुग्ण मध्यभागाजवळ आणि आक्रमक रुग्ण सर्वांत दूरच्या टोकाला ठेवत. म्हणजे दालनातून चालत जाताना आपण आजाराच्या चढत्या पायऱ्याच ओलांडत होतात, असे म्हणता येईल.

बांधकाम १८५८ मध्ये सुरू झाले. यादवी युद्धात ते थांबले आणि त्यासाठी ठेवलेले सोने उत्तरेच्या सैन्याने नेले. तरीही पहिले रुग्ण १८६४ मध्ये आले, आणि १८८१ मध्ये काम पुरे झाले. शेती, दुग्धशाळा, पाणीपुरवठा आणि स्वतःचे कब्रस्तान असलेले ते एक स्वयंपूर्ण गावच होते.

किर्कब्राइड यांचा एक नियम मात्र फार काळ पाळला गेला नाही, आणि माझ्या मते सारा ऱ्हास तेथूनच सुरू झाला. एका रुग्णालयात सुमारे २५० रुग्णच असावेत, असे ते बजावत असत. वेस्टनमध्ये १८८० सालीच ७१७ रुग्ण होते आणि १९५० च्या दशकात ही संख्या २,४०० वर गेली. मनोरुग्णांबरोबरच अपस्माराचे रुग्ण, दारूच्या आहारी गेलेले आणि मतिमंद माणसेही तेथेच ठेवली जात. एकासाठी बांधलेल्या खोलीत अनेक खाटा आल्यावर उजेडाला आणि वाऱ्याला काय अर्थ उरणार? उपचारांची जागा आवर घालण्याने घेतली. १९५२ च्या उन्हाळ्यात वॉल्टर फ्रीमन या अमेरिकी डॉक्टरांनी पश्चिम व्हर्जिनियाच्या सरकारी रुग्णालयांतून दोनएक आठवड्यांत २२८ रुग्णांवर लोबोटॉमी ही मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या तोडणारी शस्त्रक्रिया केली. आता तिकीट काढून तेथे रात्री भुते शोधायला जाणाऱ्यांना यापेक्षा भयंकर काही सापडेल असे वाटत नाही.

ओस पडण्याची कारणे वेस्टनपुरती नाहीत. १९५४ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचे औषध अमेरिकेत आले. पुढच्याच वर्षी तेथील सरकारी मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या सुमारे ५ लाख ५९ हजार होती. तो उच्चांक ठरला. १९६३ च्या कायद्याने गावोगावी उपचारकेंद्रे काढण्याचे ठरले, आणि १९६५ मध्ये मंजूर झालेल्या मेडिकेड या गरिबांच्या उपचारखर्चाच्या सरकारी योजनेतून अशा मोठ्या संस्थांतील बहुतेक प्रौढ रुग्णांचा खर्च मिळेना. साहजिकच राज्यांनी रुग्ण बाहेर काढण्याची घाई केली. केंद्रे मात्र पुरेशी निघाली नाहीत. वेस्टनची इमारत १९९४ मध्ये बंद झाली आणि रुग्ण त्याच गावातील नव्या रुग्णालयात गेले.

२००७ मध्ये ती १५ लाख डॉलरांना लिलावात विकली गेली. नव्या मालकांनी पाटीवर पुन्हा ‘ट्रान्स-ॲलेगनी लुनॅटिक असायलम’ (लुनॅटिक असायलम म्हणजे वेड्यांचे इस्पितळ) हे जुने नाव लावले, तेव्हा मानसिक आरोग्यासाठी झटणाऱ्यांनी आक्षेप घेतला. ‘याला येरवड्याला धाडा’ असे सहज बोलून जाणाऱ्या आपल्याला तो आक्षेप समजायला हरकत नसावी.

नातवाला कुंपण ओलांडू देऊ नये. हा गुन्हा आहेच. शिवाय जुन्या रंगात शिसे, नळांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस आणि पायाखाली कुजलेली लाकडी जमीन असते. पोपडे लोंबताना छायाचित्रात छान दिसतात, पण त्यांची धूळ श्वासाबरोबर आत जाते. त्यापेक्षा ओहायोतील अथेन्स गाठावे. तेथील याच पद्धतीच्या मनोरुग्णालयाच्या मुख्य इमारतीत आता विद्यापीठाचे कलासंग्रहालय आहे आणि समोरच्या दाराने आत जाता येते.