विश्वासातल्या माणसाकडे हिशेब कसा मागावा?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याला काही रक्कम आली आहे. मुलांचे शिक्षण आणि आमचे उतारवय यांसाठी ती गुंतवावी, असे मला वाटते. यजमानांच्या मते गुंतवणूक म्हणजे देवावरचा अविश्वास, कारण उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशूनेच सांगितले आहे. मात्र आमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक बांधव वर्षभरात पैसे दुप्पट करून देतात आणि त्यांच्याकडे रक्कम सोपवायला यजमान तयार आहेत. मी कागदपत्रे मागितली, तर बांधव दुखावले आणि यजमान रागावले. व्याज घेणे पाप आहे का, हीही शंका आहे. – एक भगिनी

प्रिय भगिनी,

निकडीचे आधी सांगते : तूर्त त्या बांधवांना एक पैसाही देऊ नका.

यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी जमलेली वर्गणी पोहोचवताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली आणि त्याचे कारणही बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात नोंदवले : या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये आणि व्यवहार प्रभूसमोरच नव्हे, तर माणसांसमोरही चोख दिसावा. पौलाला देखरेखीत अपमान वाटला नाही, तर तुमच्या बांधवांनी कागदपत्रांच्या मागणीने दुखावण्याचे कारण काय? वर्षभरात दुप्पट परताव्याची हमी कोणताही प्रामाणिक व्यवसाय देऊ शकत नाही. अशा योजनांत सुरुवातीच्यांना वेळेवर पैसे मिळतात, ते बहुधा नंतर आलेल्यांच्या रकमेतून. मग तीच माणसे उपासनेनंतर आवारात उभी राहून इतरांना अगदी मनापासून सांगतात आणि चेहरा ओळखीचा असल्यामुळे कागद कोणी वाचत नाही. नवी माणसे यायची थांबली, की सगळेच बुडते.

आता यजमानांचा मुद्दा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात मनाई आहे ती चिंतेला, तजविजीला नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्याचे उदाहरण लूकच्या 14व्या अध्यायात प्रभूनेच दिले आहे. मत्तयाच्या 25व्या अध्यायात धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी विचारतो, की निदान सावकारांकडे का ठेवला नाहीस, म्हणजे व्याज तरी मिळाले असते. तो दाखला मुळात स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, हे मान्य. पण व्याज हेच पाप असते, तर प्रभूने तो शब्द धन्याच्या तोंडी घातला असता, असे मला वाटत नाही. (रीतसर गुंतवणुकीत अविश्वास पाहणाऱ्या यजमानांना दुपटीच्या आशेत तो दिसू नये, याचे मात्र नवल वाटते.)

व्याजाची तुमची शंका जुनीच आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायातली मनाई गरिबाला दिलेल्या कर्जाविषयी आहे. इ. स. 325च्या, बिशपांच्या निकिया परिषदेने धर्मसेवकांना व्याजाचा व्यवहार निषिद्ध ठरवला आणि पुढे कित्येक शतके चर्चची भूमिका कडकच राहिली. धर्मसुधारक जॉन कॅल्विनने 1545च्या एका पत्रात गरजूची पिळवणूक आणि व्यापारासाठी दिलेले भांडवल यांत फरक केला. गरजू नातलगाला उसने दिलेत, तर व्याज घेऊ नका. बँकेतल्या ठेवीवरचे व्याज घेताना मन खाऊ देऊ नका.

रकमेचे म्हणाल, तर घरावर कर्ज असेल ते आधी फेडा, कारण ऋणको धनकोचा दास होतो, असे नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात आहे. दानाचा वाटा मनाने ठरवून, कोणाच्या भिडेने नव्हे, बाजूला काढा. काही महिन्यांचा घरखर्च चटकन हाती येईल असा ठेवा आणि उरलेले एकाच ठिकाणी न गुंतवता विभागा. उपदेशक या पुस्तकाचा 11वा अध्यायही सात-आठ वाटे करायला सांगतो, जरी काही जण त्याचा अर्थ दानधर्म असा लावतात. जुगारासारख्या ज्या धंद्यातला नफा प्रार्थनेत मांडायची लाज वाटेल, तो टाळावा.

यजमानांशी वचनांची लढाई लढू नका. दोघांनी मिळून त्या बांधवांना लेखी विचारा : पैसा नेमका कशात गुंतवला जातो, या व्यवसायाची नोंदणी कोणाकडे आहे, हिशेब कोण तपासतो आणि मुदतीपूर्वी रक्कम परत हवी असल्यास काय करायचे. उत्तर आले, तर या योजनेत स्वतःचा पैसा नसलेल्या जाणकाराला दाखवा. टाळाटाळ झाली, तर पाळकांच्या कानावर घाला, कारण हीच योजना मंडळीतल्या इतर घरांतही सांगितली गेली असण्याची दाट शक्यता आहे.